मलमाची डबी आणि मुलाचा मुरगळलेला पाय

(रावेत येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला जरा दबकतच विचारलं, सर, हा इतिहासाचा विषय आहे का? किल्ला नाही, लढाई नाही, तह नाही. मुलाचा पाय मुरगळला तर वरून काय लावायचं, याला कसला आलाय इतिहास! मी म्हटलं, आहे, आणि बराचसा आपल्याच आसपास घडलेला आहे. मी आयुष्यभर औषधनिर्माणशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझी सवय अशी की औषधाचं खोकं हातात आलं की आधी बारीक अक्षरं वाचायची. आजचं व्याख्यान त्या बारीक अक्षरांबद्दलच आहे असं समजा.

तुमच्या घरात आत्ता, टीव्हीखालच्या कप्प्यात किंवा फ्रीजवरच्या टोपलीत, दुखण्यावर लावायची एक ट्यूब असेल. नाहीतर स्प्रे. एखादी बामची बाटली तर असतेच. संध्याकाळी मूल खाली खेळायला जातं. आता रावेतमध्ये खेळायचं म्हणजे पेव्हर ब्लॉकवर, नाहीतर पार्किंगच्या काँक्रीटवर. पूर्वी पवनेच्या काठाला शेतं होती, पडलं तरी मातीत पडायचं. आता घोटा मुरगळतो, मनगटावर भार येतो, गुडघ्याला मुका मार लागतो. मूल लंगडत वर येतं आणि आपला हात त्या कप्प्याकडे जातो. त्या ट्यूबवर कधी "१२ वर्षांखालील मुलांसाठी नाही" असं लिहिलेलं असतं, कधी "डॉक्टरांच्या सल्ल्याने", आणि कधी काहीच नसतं. ही १२ वर्षांची रेघ आली कुठून? आजीच्या डबीवर तर ती नव्हती. आज एवढंच शोधायचं आहे.

सुरुवात लेपापासून करू. आपल्याकडे मुक्या मारावर आंबेहळद उगाळून लावतात, सोबत रक्तचंदन, तुरटी. वैद्याकडची लेपगोळी सहाणेवर पाण्यात उगाळायची. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, एरंडाचं पान तेल लावून गरम करून बांधणं, हळद-चुना. ही परंपरा जुनी आहे, आणि ती विचार न करता चालत आलेली नाही. सुश्रुतसंहितेत लेपाचे प्रलेप, प्रदेह आणि आलेप असे प्रकार सांगितले आहेत. लेप केसांच्या उलट दिशेने लावावा, वाळला की तसाच अंगावर ठेवू नये, रात्री लावू नये, अशा सूचना आहेत. शारंगधरांनी तर लेपाची जाडी अंगुळांत दिली आहे. म्हणजे वरून लावायच्या औषधालाही शिस्त असते, हे आपल्याकडे माहीत होतं.

मुलांच्या बाबतीत शारंगधर काय म्हणतात तेही बघण्यासारखं आहे. पहिल्या महिन्याच्या बाळाला औषधाची मात्रा एक गुंज, मग महिन्यागणिक वाढवत न्यायची, पुढे वर्षागणिक, सोळाव्या वर्षापर्यंत. किती नेमकं आहे बघा! पण हा हिशेब पोटात द्यायच्या औषधाचा. अंगाला लावायचं ते मोठ्याला आणि लहानाला सारखंच, असा घरोघरचा समज पुढे रुजला आणि तो आजही आहे. "वरूनच तर लावतोय" हे वाक्य मी इतक्या पालकांकडून ऐकलंय की मोजणं सोडून दिलं.

या समजाला धक्का देणारी गोष्ट आपल्याच परसात होती. बिब्बा. लचक भरली, टाचेला भेग पडली की बिब्ब्याचं तेल लावायची रीत. त्याचा रस कातडीला लागला की फोड येतात, जखम होते. धोबी कपड्यांवर खुणा करायला तोच वापरत, इतका तो पक्का. "बिब्बा घालणे" हा वाक्प्रचार काही उगाच आलेला नाही. वरून लावलेली गोष्ट निरुपद्रवी असते असं मराठी भाषेला तरी कधी वाटलेलं नाही.

आता डबीकडे येऊ. आपल्या देशातला सगळ्यात नावाजलेला बाम मुंबईत जन्मला. काशीनाथुनी नागेश्वरराव नावाच्या तेलुगू गृहस्थांनी १८९३ साली मुंबईत अमृतांजन सुरू केलं. संगीताच्या मैफिलींमध्ये बामच्या डब्या फुकट वाटायची त्यांची पद्धत होती असं सांगतात. जाहिरातीची ही अक्कल त्या काळात दुर्मीळच म्हणायची. बामच्या पैशातून त्यांनी १९०८ साली मुंबईतूनच आंध्र पत्रिका हे तेलुगू नियतकालिक काढलं, पुढे ते मद्रासला नेलं. एका डोकेदुखीच्या मलमावर एक राष्ट्रीय चळवळीचं पत्र उभं राहिलं, हा इतिहास मला स्वतःला फार आवडतो. पुढे झंडू आलं, तेही मुंबईचंच, १९१० चं. पनवेलला धूतपापेश्वरचा कारखाना त्याच्याही आधीपासून, १८७२ पासून होता. म्हणजे घरी उगाळायचा लेप कारखान्यात तयार होऊन डबीत बसला, आणि हे बरंचसं मुंबई-पनवेलच्या पट्ट्यात झालं. मग ते काळं आयोडेक्स, चादरींना डाग पाडणारं.

आणि मग आपली एमआयडीसी. १९६२ साली महामंडळ स्थापन झालं, त्या दशकात पिंपरी-चिंचवडला मोठे कारखाने आले. शेतावर राबणारी पाठ आता प्रेसवर, लेथवर, असेंब्ली लाइनवर राबू लागली. चाळीतल्या, कामगार कॉलनीतल्या प्रत्येक घरात बाम असायचाच. बामच्या जाहिराती आठवा. सगळ्यांचा मथितार्थ एकच: चोळा आणि कामाला लागा. ते मोठ्या माणसाचं, कष्टकऱ्याचं औषध होतं. मुलांना ते वडिलांच्या डबीतून मिळालं. मुलांसाठी म्हणून ते कोणी बनवलंच नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या बामांमध्ये असतं काय? मेंथॉल, कापूर, निलगिरीचं तेल, आणि बऱ्याचशांत मिथाइल सॅलिसिलेट. विंटरग्रीन नावाच्या झुडपाचं तेल म्हणजे जवळपास निव्वळ मिथाइल सॅलिसिलेट. ऑग्युस्त काहूर या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८४३ साली ते ओळखलं. आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरात या झुडपाची एक जात होते, बाजारात त्याला गंधपुऱ्याचं तेल म्हणतात. तो बामचा ओळखीचा गोडसर वास त्याचाच. मेंथॉल कातडीला गार वाटायला लावतं, मिरचीतला तिखटपणा गरम वाटायला लावतो. खरं तर तापमान बदलत नाही, मज्जातंतूंच्या टोकांची फसवणूक होते. ही फसवणूक नेमकी कशी होते हे उलगडणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणजे बामने "आराम पडतो" हे खोटं नाही. पण गार-गरम वाटणं वेगळं आणि सूज उतरणं वेगळं.

सूज उतरवण्याची गोष्ट सॅलिसिलेटपासून सुरू होते, आणि तिथे मुलं अगदी मध्यभागी आहेत. स्कॉटलंडमधल्या डंडी गावात थॉमस मॅक्लागन हे डॉक्टर होते. त्यांनी १८७६ साली विलो झाडाच्या सालीतलं सॅलिसिन हे द्रव्य तापासह सांधे सुजलेल्या रुग्णांना दिलं. ताप उतरला, सांधे मोकळे झाले. पुढे १८९७ ला बायर कंपनीत ॲस्पिरिन तयार झालं आणि १८९९ पासून ते त्या नावाने विकायला आलं. मॅक्लागन यांच्या रुग्णांना जो आजार होता, तो तीव्र संधिवात, म्हणजे ज्याला आपण आज संधिवाताचा ताप म्हणतो. आणि हा आजार मुख्यतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांचा.

इथे मी थोडा थांबणार आहे, कारण मुलांच्या सांधेदुखीच्या इतिहासात आपल्या देशासाठी याहून मोठी गोष्ट नाही. मुलाला घसा दुखून ताप येतो. तो बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो. दोन दिवसांनी गुडघा बरा, आता घोटा. मग मनगट. आई म्हणते, खेळताना लागलं असेल. आजी लेप लावते, बाबा बाम चोळतात. आठवडाभरात सांधे उतरतात, आणि श्रेय बामला मिळतं. सांधे तसेही उतरणारच होते; ते या आजाराचं लक्षणच आहे. पण त्या काळात हृदयाच्या झडपांना सूज येऊन गेलेली असते, आणि दहा-पंधरा वर्षांनी ती मुलगी पहिल्या बाळंतपणाच्या वेळी धापा टाकायला लागते. त्या एका गुडघ्याचा आणि या धापेचा संबंध घरात कोणाच्या लक्षातही राहिलेला नसतो.

सूज उतरवणारं औषध हृदय वाचवतं का? हा प्रश्न नीट तपासला गेला. ब्रिटन आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मिळून जवळपास ५०० मुलांवर, सगळी १६ वर्षांखालची, ॲस्पिरिन, कॉर्टिसोन आणि एसीटीएच यांची तुलना केली. निष्कर्ष १९५५ साली आला: हृदयाच्या शेवटच्या अवस्थेत तिन्ही गटांत फरक नाही. हृदय वाचवायचं तर घशातला जंतू मारायला हवा, तो परत परत येऊ द्यायचा नाही. त्यासाठी लागतं पेनिसिलिन.

आणि १९५५ सालीच पेनिसिलिन तयार व्हायला लागलं ते कुठे? आपल्या पिंपरीत. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. तुम्ही ज्याला एच.ए. म्हणता, एच.ए. कॉलनी, एच.ए.चं मैदान. कंपनी १९५४ ला स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत घेऊन. देशातला हा पहिला सरकारी औषध कारखाना. आज तिथून जाताना आपल्याला मैदानावरच्या सभा आणि प्रदर्शनं आठवतात, पण मुलांच्या सांधेदुखीवरचं महाराष्ट्रातलं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या भिंतींच्या आत झालं, असं मी म्हणेन. मलमाचं नव्हे, पेनिसिलिनचं. संधिवाताचा ताप येऊन गेलेल्या मुलाला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन, वर्षानुवर्षं. ते दुखतं, मुलं रडतात, पालक कंटाळतात. पण झडप वाचते ती त्याने.

तर सॅलिसिलेटकडे परत. ॲस्पिरिन मुलांना सर्रास दिलं जायचं, तापाला, अंगदुखीला. १९६३ साली ऑस्ट्रेलियात डॉ. राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांमधल्या एका विचित्र आजाराचं वर्णन केलं. साधा फ्लू किंवा कांजिण्या होऊन मूल बरं व्हायच्या वाटेवर असतं, आणि एकदम उलट्या, भ्रम, बेशुद्धी. यकृतात चरबी, मेंदूला सूज. ॲस्पिरिनशी त्याचा संबंध लक्षात यायला आणखी पंधरा-वीस वर्षं गेली. १९८६ साली ब्रिटनने १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ॲस्पिरिन बंद केलं, अमेरिकेने त्याच वर्षी वेष्टनावर इशारा सक्तीचा केला. १२ वर्षांची रेघ आपल्याला इथे ठळक दिसते. (पुढे ब्रिटनने ती १६ वर नेली.) ही रेघ निसर्गाने आखलेली नाही. अकरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाच्या यकृतात वाढदिवसाच्या दिवशी काही जादू होत नाही. मुलं दगावली, म्हणून कुठेतरी आखावी लागली.

पण ते झालं पोटातल्या औषधाचं. वरून लावलेल्याचं काय? इथे तीन गोष्टी सांगतो.

पहिली, फ्रान्स, १९७२. बाळांच्या एका टाल्कम पावडरमध्ये चुकून हेक्साक्लोरोफिन हे जंतुनाशक मोठ्या प्रमाणात मिसळलं गेलं, सहा टक्क्यांहून जास्त. ३६ बाळं गेली. फक्त कातडीवरून. बाळाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठ्या माणसापेक्षा दुप्पट-तिप्पट असतं, हे तेव्हा जगाला नीट कळलं. दुसरी, कापूर. कापूर पोटात गेला किंवा लहान बाळाला जास्त चोळला तर झटके येतात. अमेरिकेने १९८२ साली अशा मलमांतल्या कापराला ११ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे सर्दीला कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधतात, त्या मंडळींनी हे ऐकून ठेवावं. तिसरी गोष्ट २००७ ची, न्यू यॉर्कची. सतरा वर्षांची धावपटू मुलगी, शाळेच्या संघात पळणारी. पायांना दुखण्याची मलमं भरपूर आणि सतत लावायची, एकाहून जास्त उत्पादनं. ती गेली. शवविच्छेदनात कारण आलं मिथाइल सॅलिसिलेटची विषबाधा. अशी घटना फार दुर्मीळ आहे, पण सतरा वर्षांच्या धडधाकट मुलीची आहे.

पोटात गेलं तर हे तेल किती भारी पडतं याचा हिशेब सांगतो. शुद्ध विंटरग्रीन तेलाच्या एका मिलिलिटरमध्ये जवळपास १.४ ग्रॅम ॲस्पिरिनइतका ऐवज असतो. चहाचा एक चमचा म्हणजे नेहमीच्या वीसहून जास्त गोळ्या. चार-पाच मिलिलिटरने लहान मूल दगावल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. आणि त्याला वास येतो चॉकलेट-गोळीसारखा! दुखऱ्या गुडघ्याची आजी आणि दोन वर्षांचं नातवंड एकाच खोलीत असतील तर तेलाची बाटली कुठे ठेवायची, हे मी सांगायला नको.

आता जेलचं युग. जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवलं की ॲस्पिरिन आणि त्याची भावंडं शरीरातल्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात, म्हणून सूज आणि दुखणं कमी होतं. १९८२ ला त्यांना नोबेल मिळालं. ब्रिटनमध्ये इबुप्रोफेन १९६९ पासून होतं, डायक्लोफिनॅक १९७३ च्या सुमारास स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगीकडून आलं. मग कल्पना निघाली की हेच गोळीऐवजी जेलमध्ये घालून नेमक्या जागी लावावं. कल्पना चांगलीच होती. डायक्लोफिनॅकचं जेल लावल्यावर गोळीच्या मानाने साधारण ६ टक्के औषध रक्तात पोचतं, म्हणजे जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास कमी.

भारतात हे स्वस्त झालं ते आपल्या पेटंट कायद्यामुळे. १९७० चा कायदा १९७२ ला लागू झाला. औषधाचं पेटंट नाही, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीचं. मग आपल्या कंपन्यांनी दुसऱ्या पद्धतीने तीच औषधं बनवली. गरीब माणसापर्यंत औषध पोचलं, याचं श्रेय त्या कायद्याला द्यायलाच हवं. पण त्याच सुबत्तेत एकेका औषधाच्या शेकडो ब्रँडचा बाजार उभा राहिला, आणि दुकानातून चिठ्ठीशिवाय ट्यूब घरी यायला लागली. (डायक्लोफिनॅकने आणखी एक करामत केली. गुरांना ते दिलं जायचं, मेलेलं गुरू गिधाडं खायची, आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४ ला हे सिद्ध झालं, २००६ ला भारताने जनावरांसाठी ते बंद केलं. एका शरीराला मानवणारं औषध दुसऱ्याला विष ठरतं, याचं इतकं भयंकर उदाहरण दुसरं नसेल. विषयांतर झालं, असो.)

या सगळ्यात भारतीय मुलांशी थेट संबंध असलेलं प्रकरण म्हणजे निमेसुलाइड. अमेरिकेतल्या एका कंपनीत शोधलं गेलेलं हे औषध १९८५ साली इटलीत बाजारात आलं आणि नव्वदीच्या मध्यावर भारतात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ते विक्रीला आलंच नाही. इथे मात्र गोळी आली, मुलांसाठी गोड पातळ औषध आलं, आणि लावायचं जेलही आलं. तापाला झटपट उतार पडतो म्हणून डॉक्टर खूश, पालक खूश. नव्वदीच्या अखेरच्या वर्षांत मुलांच्या तापाच्या चिठ्ठीवर हे नाव सर्रास दिसायचं.

मग बातम्या यायला लागल्या. पोर्तुगालने १९९९ ला मुलांसाठीचं निमेसुलाइड थांबवलं. २००२ ला फिनलंड आणि स्पेनने यकृताच्या तक्रारींमुळे ते औषधच स्थगित केलं. आपल्याकडे वर्तमानपत्रांत वाद झाला, न्यायालयात याचिका गेली, समित्या बसल्या. युरोपच्या औषध यंत्रणेने १२ वर्षांखालच्या मुलांना ते वर्ज्य ठरवलं. आपली अधिसूचना निघाली फेब्रुवारी २०११ मध्ये: १२ वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडचं उत्पादन आणि विक्री बंद. पोर्तुगाल ते दिल्ली, बारा वर्षं. त्या वेळी औषधाची बाजू घेणारे म्हणत होते की कोट्यवधी मुलांनी घेतलं, तक्रारी थोड्याच आल्या. मला हा युक्तिवाद कधीच पटला नाही. तक्रार नोंदवायची यंत्रणा जिथे पांगळी आहे, तिथे तक्रार न येणं हा पुरावा होऊ शकत नाही.

आणि अधिसूचनेचे शब्द नीट वाचा. त्यात गोळी, पातळ औषध की जेल असा भेद केलेला नाही. १२ वर्षांखालील मुलांसाठीची सगळीच रूपं त्यात येतात. तरी आजही कोणाच्या तरी घरात मोठ्यांसाठी आणलेली निमेसुलाइडच्या जेलची ट्यूब असते आणि ती मुलाच्या घोट्याला लागते. "वरूनच तर लावतोय."

मग आज मुलांसाठी या जेलांचा पुरावा काय आहे? मोठ्यांसाठी भक्कम आहे. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात मुरगळणं, लचक, मुका मार यांवर डायक्लोफिनॅक, इबुप्रोफेन आणि किटोप्रोफेनची जेलं खरोखर उपयोगी ठरली. पण ते अभ्यास जवळपास सगळे मोठ्या माणसांवरचे. मुलांबाबत फार थोडं आहे. डायक्लोफिनॅकच्या चिकटपट्टीला अमेरिकेने ६ वर्षांवरील मुलांसाठी परवानगी दिली, त्यामागे शंभराच्या आसपास मुलांचा एक अभ्यास होता, तुलनेसाठी दुसरा गट नसलेला. डॉ. हॅरी शर्की नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी साठच्या दशकात मुलांना औषधांच्या जगातली अनाथ म्हटलं होतं: चाचण्या मोठ्यांवर, इशारे मुलांसाठी. साठ वर्षांनी मलमांच्या कप्प्यात ती बऱ्याच अंशी अनाथच आहेत. म्हणजे ट्यूबवरची रेघ दर वेळी "हे घातक आहे" असं म्हणत नाही. पुष्कळदा ती एवढंच म्हणते की "आम्ही तपासलेलं नाही." हे दोन अर्थ वेगळे आहेत, आणि छापणारे ते वेगळे करून सांगत नाहीत, ही माझी तक्रार.

तोंडाने घ्यायच्या औषधाबाबत मात्र मुलांवरचा चांगला अभ्यास आहे. कॅनडात ओटावाच्या डॉक्टरांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. हाडा-स्नायूंना इजा झालेली ६ ते १७ वर्षांची ३०० मुलं घेतली. इबुप्रोफेन, पॅरासिटामॉल आणि कोडीन यांत तासाभराने इबुप्रोफेन सरस ठरलं. मात्रा वजनावर ठरलेली होती. शारंगधरांना हे आवडलं असतं.

आता तुम्ही विचारणार, मग करायचं काय? मी डॉक्टर नाही, पण इतिहासातून जे दिसतं ते सांगतो. पाय मुरगळला, मूल उभं राहतंय, चालतंय, तर पहिल्या दिवशी विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ, पाय उशीवर उंच. पहिले एक-दोन दिवस चोळायचं नाही, शेकही नको. तालमीतल्या वस्तादाकडे किंवा हाडवैद्याकडे पाय ओढून घ्यायला तर अजिबात नेऊ नका. मुलाच्या हाडाच्या टोकाला वाढीची कूर्चा असते आणि ती सांध्याच्या बंधांपेक्षा नाजूक असते. मोठ्या माणसाची जिथे लचक होते तिथे मुलाचं हाड त्या कूर्चेशी सरकलेलं असू शकतं. घट्ट बांबूच्या पट्ट्या बांधून रक्तपुरवठा तुटल्याने हात कायमचा वाकडा झालेली मुलं आपल्या सरकारी रुग्णालयांनी पिढ्यानपिढ्या पाहिली आहेत.

दुखणं फार असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल किंवा इबुप्रोफेन, बालरोगतज्ज्ञांना विचारून. डेंगीच्या दिवसांत ताप असेल तर इबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही नको, आणि आपल्याकडे पावसाळा म्हणजे डेंगी हे तुम्हाला माहीतच आहे. जेल लावायचंच तर रेघेच्या वरच्या वयाला, थोडं, फुटलेल्या कातडीवर नाही, वरून गरम पिशवी किंवा घट्ट पट्टी नाही, आणि लावल्यावर मुलाने डोळे चोळू नयेत म्हणून हात धुवायचे. किटोप्रोफेनचं जेल असेल तर ऊन लागू द्यायचं नाही, कातडी भाजल्यासारखी होते. २०१० ला युरोपच्या यंत्रणेने त्यासाठीच खास इशारा दिला होता. दुपारी मैदानावर पळणाऱ्या मुलाला ते कशाला लावायचं?

रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून रडणारं, सकाळी मात्र उड्या मारणारं मूल बऱ्याच घरांत असतं. त्याला वाढीच्या कळा म्हणतात. साध्या खोबरेल तेलाने पाय दाबून द्या. तिथे आईचा हात काम करतो, औषधाची गरज नाही, आणि आईच्या हाताला वयाची रेघ नाही.

एका सांध्याला सूज आणि ताप, पाय टेकवताच न येणं, आठवडाभर लंगडणं, दुखणं एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणं, वजन घटणं, अंगावर विनाकारण निळे डाग: यांतलं एकही दिसलं तर ट्यूबचं झाकण उघडू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, आणि गेल्या महिन्यात घसा दुखला होता का, हे आठवून आपणहून सांगा. डॉक्टर विसरले तरी तुम्ही विसरू नका.

चला, माझी वेळ संपली. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघाशीच हात वर केला होता, त्यांच्यापासून प्रश्न घेऊ.